कार्नार्वॉनमध्ये घर साफ करायला कोणी मिळेल का? (वेल्स, साफसफाई, सल्ला हवाय)

मेनाईकाठी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही उत्तर वेल्समधल्या कार्नार्वॉनला राहतो. नवरा बँगोरच्या हॉस्पिटलात, मी घरून काम करते. गाव दहा हजारांच्या आतलं. एका बाजूला पहिल्या एडवर्डचा किल्ला, समोर मेनाईची सामुद्रधुनी आणि डोक्यावर सीगल. इथे दहातले आठ-साडेआठ लोक वेल्श बोलतात. तेही पाटीपुरतं नाही. पोस्टात, न्हाव्याकडे, शाळेच्या फाटकाशी, भांडताना, सगळीकडे वेल्शच.

ऑगस्टमध्ये भाड्याचं घर सोडून याच गावात एका जुन्या दगडी रांगेतल्या घरात जायचंय. माझ्या मणक्याने मार्चपासून असहकार पुकारलाय, त्यामुळे वाकून काही करायची सोय नाही. प्रश्न दोन:

पहिला, जुनं घर रिकामं करताना पूर्ण सफाई करून घ्यायचीय. एजंट म्हणतो, प्रोफेशनल कंपनीकडूनच करा आणि पावती दाखवा. हे बंधनकारक आहे का?

दुसरा, नव्या घरी आठवड्याला दोन तास कोणीतरी हवंय. एकदा बाहेरच्या शहरातल्या एका एजन्सीतर्फे माणूस बोलावला होता. दोन तास उशिरा आला. काचेची शेगडी तारेच्या घासणीने अशी घासली की आता तिच्यावर चंद्रकोरीसारखे ओरखडे आहेत. त्यानंतर दोन शनिवार कोणी फिरकलंच नाही, आणि फोन केला की नुसतं संगीत ऐकायचं. नाव लिहीत नाही, सध्या पैसे परत मिळवायची लढाई चालू आहे.

गावात विचारलं तर सगळे गोड हसतात आणि "बघते हं" म्हणतात. तीन महिने झाले, बघतच आहेत.

निळी_छत्री

वाचतेय. आम्ही मध्य वेल्समधल्या ॲबरिस्टविथला आहोत, तिथेही हीच गत. पुढच्या उत्तरांच्या प्रतीक्षेत.

अडाणी_इंजिनिअर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बंधनकारक नाही. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून भाडेकरूकडून कोणते पैसे घ्यायचे याची यादी कायद्यानेच ठरवलीय. भाडं, डिपॉझिट, घर धरून ठेवायची रक्कम, काउन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर), वीज-पाणी, टीव्ही लायसन्स, इंटरनेट-फोन आणि करार मोडला तर त्याची ठरावीक भरपाई. सफाईची फी त्यात नाही. अमक्याच कंपनीकडून, पावतीनिशी, अशी सक्ती एजंट करू शकत नाही.

पण म्हणून ओव्हन तसाच टाकून निघू नका. ताबा घेतला तेव्हा इन्व्हेंटरीत (घराच्या स्थितीच्या नोंदीत) घर 'स्वच्छ' असं नोंदवलं असेल तर तितकंच स्वच्छ परत द्यावं लागतं. कमी पडलं तर डिपॉझिटमधून कापू शकतात. रोजच्या वापराने झालेली झीज वेगळी, तिचे पैसे लागत नाहीत. मत जुळलं नाही तर ज्या योजनेत डिपॉझिट ठेवलंय तिच्याकडे तक्रार करता येते, फुकट. निकाल फोटोंवर लागतो. तेव्हा घर सोडायच्या दिवशी ओव्हनच्या आतले, फ्रिजच्या रबरातले, बाथरूमच्या सांध्यांचे फोटो काढा. पावतीपेक्षा ते जास्त कामाचे.

आणि हो, १ डिसेंबर २०२२ पासून वेल्समध्ये आपण 'टेनंट' राहिलो नाही, 'कॉन्ट्रॅक्ट-होल्डर' झालो. एजंटला लिहिताना हा शब्द वापरा, समोरचा जरा सरळ बसतो. इंग्लंडचे नियम गूगल करून भांडायला जाऊ नका, इथला कायदा वेगळा आहे.

खडूस_काका

दोन माणसांच्या घराला बाई लागते? आम्ही १९९१ मध्ये बर्मिंगहॅमला आलो तेव्हा शनिवार सकाळ म्हणजे झाडू, हूवर (व्हॅक्यूम क्लीनर) आणि रेडिओ. इंग्लंड-वेल्समध्ये येऊनही पुण्याची सवय सुटत नाही लोकांची.

पोळपाट

काका, त्यांनी मणक्याचं लिहिलंय. चष्मा लावा.

खडूस_काका

वाचलं नव्हतं. मेनाईकाठी, माफ करा. मणका सांभाळा. बाकी मत तेच.

शेवंती_लिव्हरपूल

मी सुट्टीत भाड्याने देण्याच्या घरांचं बुकिंग बघते, त्यातली काही घरं तुमच्याच भागात आहेत. "बघते हं" मागचं कारण सांगते. तुम्ही शनिवार मागताय का? शनिवार विसरा. ईस्टर ते सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी चार, तुमच्या ग्विनेड जिल्ह्यातली झाडून सगळी सफाईवाली मंडळी पाहुण्यांच्या घरांत गुंतलेली असतात. दहाला जुने पाहुणे बाहेर, चारला नवे आत. मधल्या सहा तासांत एकेक जण दोन-तीन घरं उरकतो. तेव्हा तुमच्या दोन तासांसाठी कोण येणार?

एप्रिल २०२३ पासून हे वाढलंय असं माझं निरीक्षण. सुट्टीच्या घराला व्यवसायाच्या करात राहायचं तर वर्षात १८२ रात्री ते प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं असावं लागतं. नाही गेलं तर काउन्सिल टॅक्स, आणि ग्विनेडमध्ये दुसऱ्या घरावर त्याच्या वर १५० टक्के अधिभार. म्हणजे अडीचपट बिल. मग मालक रात्री भरून काढायला दोन-दोन दिवसांची बुकिंगंही घेतो. जितकी बुकिंगं, तितक्या चादरी.

मंगळवार किंवा बुधवार सकाळ मागून बघा. आणि ऑक्टोबरात पक्कं करून टाका, तेव्हा हात मोकळे असतात.

पुदिना_चटणी

शेवंती म्हणतात ते मी हाताने केलंय, म्हणून लिहिते.

बँगोरला एमएस्सी करताना दोन उन्हाळे एका कॅरव्हान पार्कवर सफाईला जायचे. आईला सांगितलं होतं "हॉस्पिटॅलिटीत पार्ट टाइम". खोटं नव्हतं ते!

एका स्टॅटिक कॅरव्हानला (एकाच जागी उभं असलेलं चाकांवरचं घर) आमच्या जोडीला पाऊण तास मिळायचा. माझी जोडीदार साठीची, मला शिकवणारी तीच. क्रम ठरलेला. आत शिरलं की आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि ओव्हनमध्ये फवारा मारून ठेवायचा, तो मुरेपर्यंत बाकीचं. मग चादरी ओढायच्या, गादी उचलून बघायची. मोजे, चार्जर, एकदा तर दातांची कवळी. मग बाथरूम. शॉवरच्या जाळीतले केस काढायला ती विणायची जुनी सुई वापरायची, एका फटक्यात सगळा गुंता बाहेर. मग चमचे मोजायचे. सहा म्हणजे सहा, टीस्पून नेहमी पाचच निघायचे. शेवटी जमीन, आतून दाराकडे मागे सरकत. वाळू हा खरा शत्रू. ओला मॉप आधी मारला की वाळूचा चिखल होतो, म्हणून आधी हूवर, मग पुन्हा हूवर, मग मॉप.

कचरा वेगळाच तास. एप्रिल २०२४ पासून वेल्समध्ये व्यवसायांना, त्यात सुट्टीची घरंही आली, काच, कागद, डबे-प्लॅस्टिक आणि खरकटं वेगवेगळं द्यावं लागतं. माझ्या वेळी हा कायदा नव्हता, तरी पार्कवाले करायला लावायचे. पाहुणे सगळं एकाच पिशवीत कोंबून जायचे आणि आम्ही हातमोजे घालून निवडत बसायचो.

एक सावधगिरी. बँगोरचा एखादा मराठी विद्यार्थी पकडू, रोख देऊ, असं इथे हमखास कोणी सुचवेल. नका करू. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र धंदा चालत नाही. मी पार्कच्या पगारपत्रकावर होते आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा होती. तुमच्या वीस पौंडांपायी पोराचा व्हिसा जायचा.

मुळ्याची_भाजी

मी तेच सुचवणार होतो. हात मागे घेतला.

बेथेस्डाची_सून

नमस्कार, मी मूळची साताऱ्याची, नवरा बँगोरजवळच्या बेथेस्डाचा, खाणकामगारांच्या घराण्यातला. तुम्ही विचारलंत कुठे आणि कसं, हे महत्त्वाचं. इंग्रजीत 'प्रोफेशनल क्लीनिंग सर्व्हिस' शोधलंत तर त्या एजन्सीसारखे लांबचे कॉल सेंटरवालेच सापडणार. इथे ज्या बायका (आणि पुरुष, माझा दीर खिडक्या करतो) हे काम करतात त्यांची वेबसाइट नसते. त्यांची जाहिरात म्हणजे कोणाची तरी मावशी. पाटी लागलीच तर ग्रंथालयातल्या फळ्यावर, वेल्शमध्ये.

पुस्तकात सफाईला 'ग्लानहाय' सापडेल. आमच्या भागात मात्र सगळे 'ल्हनाय' म्हणतात. पहिला 'ल्ह' कोल्हापुरातल्या 'ल्ह'सारखा धरून चाला, फक्त त्यात जिभेच्या कडेने जास्त हवा सोडा. मोडकं का होईना, 'ल्हनाय ताय' करणारं कोणी आहे का, असं विचारा. 'ताय' म्हणजे घरं. आपण बाईंना ताई म्हणतो ना, इथे ताय साफ करायला ताई येते, हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना समजावायचा प्रयत्न केला होता. त्या अजून हसतात.

वेल्श आलंच पाहिजे असं नाही. त्यांना इंग्रजी येतंच. पण दोन तास तुमच्या घरात, तुमच्या न्हाणीघरात वावरायचं तर माणूस कोण आहे हे त्यांनाही बघायचं असतं.

खडूस_काका

म्हणजे भाषेची परीक्षा घेऊन काम? आपल्याकडे मराठीचा आग्रह धरला की संकुचित, आणि यांनी धरला की संस्कृती!

बेथेस्डाची_सून

काका, परीक्षा कोणी घेत नाही. या भाषेने काय सोसलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. इथली जिल्हा काउन्सिल आजही आपला अंतर्गत कारभार वेल्शमध्ये करते. २०२१ च्या जनगणनेत सगळ्या वेल्समध्ये १७.८ टक्केच लोक वेल्श बोलणारे निघाले, ग्विनेडमध्ये ६४.४. ज्यांचं पाणी असं ओसरतंय त्यांनी घरातली घागर झाकून ठेवली तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. आणि मराठीचा आग्रह मी कधी संकुचित म्हटला? साताऱ्याची आहे मी.

पोळपाट

धाग्याचं भाषाकारण व्हायच्या आत सफाईकडे वळू या. :)

मराठी घर सोडताना तीन गोष्टी एजंटच्या डोळ्यांवर येतात. ओट्यावरचे हळदीचे डाग, चुलीवरच्या पंख्याची चिकट जाळी, आणि पडद्यांत बसलेली फोडणी. हळदीला घासू नका, उन्हात टाका. प्लॅस्टिकचा डबा, पांढरा चॉपिंग बोर्ड, सगळं दोन दिवस खिडकीत ठेवलं की पिवळेपणा उडतो. (कार्नार्वॉनमध्ये ऊन कधी असतं ते मात्र विचारू नका.) पंख्याची जाळी गरम पाणी, वॉशिंग सोडा आणि भांड्यांचं लिक्विड यात रात्रभर बुडवायची. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नका, काळी पडते. मला हे एक जाळी काळी पडल्यावर कळलं.

आणि कृपा करून ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेटचं आम्ल मिसळू नका. क्लोरीन वायू होतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग केलेला एक मावसभाऊ आहे माझा, वाचला तो नशिबाने.

अडाणी_इंजिनिअर

बाथरूमच्या बुरशीबद्दल एक पुरवणी. दगडी घरं, सतत पाऊस, कपडे आत वाळवणं, यातून बुरशी येतेच, आणि एजंट ती भाडेकरूच्या माथी मारतो. वेल्समध्ये घर राहण्याजोगं आहे की नाही हे ठरवताना २९ बाबी बघतात, त्यातली पहिलीच ओल आणि बुरशी. छपरातून किंवा भिंतीतून ओल येत असेल तर ती सफाईची बाब नाही, मालकाची आहे. पुसून टाकण्याआधी फोटो.

एक सुख मात्र आहे तुमच्याकडे. डोंगरावरून येणारं पाणी मऊ, त्यामुळे लंडनसारखा नळावर पांढरा थर साचत नाही. आमच्याकडे किटली दर महिन्याला व्हिनेगर पिते.

निळी_छत्री

दर काय चालू आहे कोणी सांगेल का? आम्हाला तासाला १६ सांगितले, जास्त वाटले.

शेवंती_लिव्हरपूल

जास्त नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतनच तासाला १२.२१ पौंड झालं. जी स्वतःचं काम करते तिला त्या १६ मधून गाडीचं पेट्रोल, सामान, विमा आणि कर भागवायचाय. रजा घेतली तर शून्य. एका घरून दुसऱ्या घरी जायचा अर्धा तास कोणीच देत नाही. विमा आहे का एवढं जरूर विचारा, म्हणजे शेगडीसारखं प्रकरण झालं तर भरपाई मिळते.

पुदिना_चटणी

आणि आदल्या रात्री "उद्या नको, आम्ही बाहेर जातोय" असं कळवलंत तरी पैसे द्या. आपली माणसं इथेच कमी पडतात. माझी पार्कवरची जोडीदार भारतीय डॉक्टरांची दोन घरं करायची. घरं आवडायची तिला, जेवण द्यायचे. फक्त दिवाळीत महिनाभर भारतात गेले की तिचा महिना कोरडा.

खडूस_काका

हे मात्र पटलं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. माझी आई चार दिवस भांडी घासून बाबांवर चिडली, आणि पाचव्या दिवशी आमच्या सखूबाईंचा पगार वाढला. त्यांना आम्ही 'बाई' म्हणायचो आणि 'अगं' करायचो, त्या मला शेंबड्याला 'दादा' म्हणायच्या. तेव्हा काही वाटलं नाही.

मेनाईकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस गायब होते, सामान हलवत होते. वृत्तांत देते.

एजंटला इंजिनिअर साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं, 'कॉन्ट्रॅक्ट-होल्डर'सकट. दोन दिवसांनी उत्तर आलं की पावती "केवळ सुचवली होती". ओव्हनसाठी मात्र आम्ही माणूस बोलावला, फक्त ओव्हनच करणारा. इथे ओव्हनला 'पॉप्टी' म्हणतात. त्याने दार, जाळ्या, काचा सगळं सुटं करून गाडीतल्या टाकीत बुडवलं आणि दोन तासांनी परत जोडलं. ओव्हनच्या काचेच्या दोन थरांत आधीच्या भाडेकरूची एक शेंगदाण्याची साल निघाली. फोटो काढून ठेवला, पुरावा म्हणून. डिपॉझिटमधून फक्त शेगडीच्या ओरखड्यांचे पैसे गेले. ते त्या एजन्सीकडून वसूल करायचं चालू आहे. माझा उत्साह संपलाय, नवऱ्याचा नाही.

आता ताईंची गोष्ट. सूनबाईंच्या सांगण्यावरून मी ग्रंथालयात गेले. काउंटरवरच्या बाईंच्या कोटाला तो केशरी बिल्ला होता, वेल्श बोलणाऱ्यांचा. घरी दहा वेळा घोटलेलं 'ल्हनाय ताय' म्हटलं. त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. मग वळून मागच्या खोलीत कोणाला तरी हाक मारली, आणि पाच मिनिटांत माझ्या हातात त्यांच्या चुलतबहिणीचा नंबर होता. तीन महिने जे "बघते" चाललं होतं ते पाच मिनिटांत.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा कामाला हात लावला नाही. ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी 'पानाद'. म्हणजे चहा. मी आल्याचा केला. त्यांनी एक घोट घेतला, कपाकडे बघितलं, आणि काही न बोलता संपवला. मग घरभर फिरून काय करणार आणि काय नाही ते सांगितलं. खिडक्या बाहेरून नाही, त्याला वेगळा माणूस, समुद्राचं मीठ बसतं काचांवर. चिमणी तर अजिबात नाही. सिंकमधली भांडी घासणार नाही, ती मी येण्याआधी घासून ठेवायची. मला क्षणभर धक्काच बसला! आपल्याकडे भांड्यांनीच सुरुवात होते. आता बुधवारी पावणेनऊला नवरा भांडी घासतो, "बाई येणार आहे ना" म्हणत.

मंगळवार-बुधवारचा सल्ला अचूक होता. शनिवार म्हटल्यावर त्या नुसत्या हसल्या.

एक गोष्ट कोणाशी बोलले नव्हते. वेल्शमध्येही आपल्यासारखे तू आणि तुम्ही आहेत, 'ती' आणि 'ख़ी'. मी वर्गात शिकलेलं 'ख़ी' वापरत होते, त्याही. सहाव्या की सातव्या बुधवारी मी वाकून बादली उचलायला गेले, तर त्या जिन्यावरून ओरडल्या, आणि ओरडताना मला 'ती' म्हणाल्या. बादली काढून घेतली. मी अजून 'ख़ी'च म्हणते, त्या आईच्या वयाच्या आहेत.

सासूबाई आल्या होत्या पंधरा दिवस. त्या सरळ मराठीत बोलायच्या, "अहो ताई, त्या कोपऱ्यात राहिलंय." आणि ताई कोपरा पुसायच्या.

बेथेस्डाची_सून

सासूबाईंना वाचून दाखवलं. 'ताय'वर पुन्हा हसल्या.

पोळपाट

त्या कोपऱ्याचं आवडलं. सासूबाई इथूनतिथून सारख्याच.

खडूस_काका

अहो ताई म्हणाल्या तुमच्या सासूबाई? अहो? मग ठीक आहे.

निळी_छत्री

आज ग्रंथालयात जाऊन आले. आमच्याकडे 'ल्हनाय' कोणाला कळलं नाही, 'ग्लानहाय' म्हटल्यावर फळा दाखवला. नंबर घेतलाय.

मेनाईकाठी

निळी_छत्री, कळवत राहा.

आजचा ताजा किस्सा. मी मीटिंगमध्ये होते, ताई काम करून निघून गेल्या. फ्रिजवर चिठ्ठी: 'दिम ल्हेव्रिथ'. भाषांतर न बघता कळलं. दूध नाही.

पुदिना_चटणी

मग आणलंत का?

मेनाईकाठी

आणलं. निळ्या झाकणाचं, मोठं. हिरव्या झाकणाच्या दुधाचा चहा त्यांना पांचट लागतो.